पन्नास खातेदारांची पाळी

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले तरी पाट साफ झाला नव्हता, म्हणून जानराव एकटाच फावडं घेऊन त्यात उतरला. गाजरगवत कमरेएवढं वाढलं होतं. तळाशी पावसाळ्यातला गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या. तो एकेक खपली उचलून काठावर टाकी, दहा पावलं पुढं सरके, पाठ सरळ करी आणि पुन्हा वाके. साठी ओलांडली होती, पण फावडं अजून सरळ पडत होतं.

हिवरखेडीच्या तलावावर पन्नास खातेदारांचं ओलीत होतं. तलावाच्या भिंतीपासून पाट निघे आणि दोन कोस वळणं घेत गावाच्या खालच्या अंगाला काळ्या वावरांत संपे. भिंतीजवळच्यांना वरचे म्हणत आणि टोकाकडच्यांना शेपटाचे. जानराव बावीस वर्षं पाटकरी होता. तलावाचं दार कधी उघडायचं, कुणाच्या वावरात पाणी किती वेळ जाऊ द्यायचं, हे सगळं त्याच्या हाती होतं. नियम जुना होता. पाळी शेपटापासून सुरू व्हायची. शेवटच्या वावरात पाणी पोचलं की तिथून वर वर यायचं, म्हणजे वाटेत कुणी चोरलं तर लगेच कळायचं. दरवर्षी मारुतीच्या पारावर बैठक बसे. कुणाचं काही म्हणणं असलं तर ते ऐकून घेत. सगळे हो म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही, अशी रीत होती. एका साली ती बैठक तीन दिवस चालली होती आणि जानराव ते अजून कौतुकानं सांगे.

त्या रिवाजात त्यानं स्वतःहून एक गोष्ट घातली होती. पाटकऱ्यानं आपल्या वावरात पाणी सगळ्यांच्या शेवटी घ्यायचं. घरचं दोन एकर वावर शेपटालाच, शेवटून दुसरं होतं. पाळीनं दुसऱ्या दिवशी त्याला पाणी मिळालं असतं. पण तो खालून वर जाऊन बाकीची सगळी वावरं ओली करी आणि मग उरलंसुरलं पाणी पुन्हा खाली आपल्या वावराकडं आणी. कधी ते पोचे, कधी वाटेतच जिरे. कुणी बोट दाखवू नये, एवढंच त्याला हवं होतं. गावात त्याला मान होता तो याचमुळं.

यंदा मात्र पाटबंधारे खात्याचं पत्र आलं. पाणी वापर संस्था रीतसर स्थापन करायची, समिती मतदानानं निवडायची, पाळीचा ठराव बहुमतानं करायचा. खात्याचे एक साहेब गाडीनं आले. शाळेच्या ओट्यावर त्यांनी तासभर समजावून सांगितलं. सगळं जग आता असंच चालतं, विलायतेत तर शाळेतल्या पोरांचा कॅप्टनही मतानं निवडतात, आपणच मागं का राहायचं, असं ते म्हणाले. चेहऱ्यानं भले वाटले. चहा पिऊन निघाले तेव्हा त्यांनी जानरावचा हात हातात घेतला आणि आता तुमचा भार हलका होईल, असंही सांगितलं.

पुढच्या रविवारी मतदान झालं. वरच्या अंगाला वावरं लहान आणि खातेदार जास्त होते. हात वर झाले तेव्हा एकतीस वरच्यांचे भरले आणि एकोणीस खालच्यांचे. पंजाबराव अध्यक्ष झाले. त्यांचं वावर तलावाच्या भिंतीला लागूनच होतं. पाळी यापुढं वरून खाली द्यायची, हा पहिला ठराव झाला. पाटकरी बदलायचा, हा दुसरा. तांड्यावरचा लखीराम नवा पाटकरी ठरला. पंचविशीतला, चपळ आणि कष्टाळू पोरगा होता तो. जानरावबद्दल वाईट कुणी काही बोललं नाही. पंजाबरावांनी तर नारळ आणि दुपट्टा आणून ठेवला होता.

दाराची चावी म्हणजे हातभर लांब लोखंडी कांब. जानरावानं ती घरून खांद्यावर टाकून आणली. संस्थेच्या सचिवानं वही पुढं केली आणि चावी जमा केल्याची सही मागितली. बावीस वर्षांपूर्वी ती चावी त्याच्या हाती आली तेव्हा कुणी सही घेतली नव्हती. त्यानं वहीतली ओळ दोनदा वाचली, सही केली, दुपट्टा घडी करून काखेत धरला आणि घरी आला.

घरी त्याची बायको मनकर्णाबाई तूर पाखडत होती. सून वैभवी शेलूबाजारच्या झेरॉक्सच्या दुकानात फॉर्म भरून द्यायचं काम करी, ती नुकतीच परतली होती. मुलगा मुन्ना जीप घेऊन मंगरुळपीरच्या फेरीला गेला होता. जानरावानं दुपट्टा खुंटीला अडकवला आणि सांगितलं, "मोकळा झालो."

मनकर्णाबाईनं सूप हलवणं थांबवलं नाही. कुणी कुणी हात वर केले, एवढंच तिनं विचारलं. त्यानं नावं सांगितली. "डोस्के मोजून पाणी वाटते का कोणी," तो शेवटी म्हणाला. "पाणी उतार पाह्यते. या गोष्टी आपल्या गावाच्या नाईत. जिथं निघाल्या तिथं चालत असतीन."

डिसेंबर लागला आणि पहिली पाळी सुटली. वरच्यांनी आधी आपले गहू भिजवले. त्यात काही वावगं नव्हतं, ठराव तसाच होता. पण ज्याचं भिजलं त्यानं मोटर पाटातून काढली नाही. आणखी एक तास, आणखी एक तास असं होत राहिलं. लखीराम सायकलवरून दिवसभर पाटाच्या काठानं फिरे. वरची माणसं त्याला चहा पाजत आणि मोटर चालूच ठेवत. त्यांनीच त्याला निवडलं होतं, त्यांना तो काय बोलणार होता. अकराव्या दिवशी शेपटाला पाणी पोचलं ते पायाचा अंगठा बुडेल एवढं. दुसऱ्या दिवशी दुपारी पाटात नुसता चिखल उरला आणि बगळे आले.

मनकर्णाबाईचा हरभरा तेव्हा महिन्याचा होता. फांद्या फुटायच्या दिवसांत त्याला एक पाणी लागतं, तेच चुकलं. काळ्या मातीला भेगा पडू लागल्या. भेगा बुजाव्यात आणि असलेली ओल टिकावी म्हणून जानरावानं शेजाऱ्याची बैलजोडी मागून कोळपणीचा डवरा फिरवला. मनकर्णाबाई ओळीओळीनं बसून शेंडे खुडत होती. शेंडे खुडले की झाड बुटकं राहून पसरतं. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते, खारट आणि झोंबणारी. चार दिवसांत तिच्या बोटांची टोकं फाटली आणि रात्री भाकर थापताना पिठाचाही चटका लागू लागला. ती बोटांना तेल लावी आणि सकाळी पुन्हा वावरात बसे.

शेजारचं, अगदी शेवटचं वावर हुस्नाबानोचं होतं. तिचा मुलगा बदरुद्दीन शेलूबाजारात मोटरी आणि पंप दुरुस्त करी. सत्तरीची हुस्नाबानो रोज काठी टेकत वावरात येई आणि धुऱ्याच्या बांधावर बसून हरभऱ्याकडं पाहत राही. बदरुद्दीननं दोनदा पंजाबरावांची भेट घेतली होती. पंजाबरावांनी खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं की भाऊ, लोकशाही आहे, एकतीसांच्या पुढं मी एकटा काय करू. बदरुद्दीन चहा संपवून परतला. वरच्यांच्या अर्ध्या मोटरी त्यानंच दुरुस्त केलेल्या होत्या.

एका दुपारी जानराव आणि मनकर्णाबाई धुऱ्यावरच्या बोरीखाली भाकर खायला बसले. जानराव पुन्हा जुन्या बैठकांचं बोलू लागला. तीन दिवस बसलो पण एकाही माणसाचं मन मोडलं नाही, म्हणाला. जे ठरे ते सगळ्यांच्या होकारानं ठरे.

मनकर्णाबाईनं कांदा फोडून त्याच्यापुढं ठेवला. "सगळे मंजे कोण?" तिनं विचारलं.

"सगळे मंजे सगळे. सारा गाव."

"या वावराले पाणी आखरीले घ्याचं, हे बावीस साल चाललं. वावर माह्या नावावर. माह्या पाटल्या मोडून घेतलं म्हणून तुमीच नाव लावलं. मले कोणी इचारलं? त्या पारावर मी कोठी होती?"

जानराव चावायचा थांबला. ते आपल्या इज्जतीसाठी होतं, घराच्याच इज्जतीसाठी होतं, असं काहीतरी तो बोलला.

"असन," ती म्हणाली. "पण वाळलं माहं वावर. एकतीसायनं मारलं थे आत्ता. सगळ्यायनं मारलं थे बावीस साल."

ती चिडून बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिनं त्याला आणखी अर्धी भाकर वाढली. पण त्या दिवशी जानरावानं डवरा हाकताना बैलांना एकदाही हाळी दिली नाही.

संध्याकाळी तिनं वैभवीला संस्थेची पोटनियमांची पुस्तिका वाचून दाखवायला सांगितली. वैभवीनं ती मोबाईलवर काढली आणि पानापानानं वाचली. ज्याच्या नावावर सातबारा, तोच सभासद. मत त्याचं त्यानंच द्यायचं. दुसऱ्यानं दिलेलं चालत नाही. पंधरा सभासदांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा घ्यावीच लागते. वैभवीनं दुसऱ्या दिवशी दुकानातून सभासदांची यादीही छापून आणली. पन्नासांत सतरा नावं बायकांची होती. कुणाचा नवरा वारलेला, कुणाला बापाकडून आलेलं, कुणाच्या नावावर भावकीच्या वाटणीत लागलेलं. त्या रविवारच्या सभेच्या हजेरीत या सतराही जणींच्या नावापुढं सह्या होत्या. शाळेच्या ओट्यावर त्या दिवशी एकही बाई नव्हती.

"माह्या नावापुढं कोणाची सही हाय?" मनकर्णाबाईनं विचारलं.

वैभवीनं सासऱ्याकडं पाहिलं. जानराव अंगणात पाय धुत होता. त्यानं तिथूनच सांगितलं की सही त्याची होती आणि हातही त्यानंच वर केला होता. मनकर्णाबाईला हसू आलं. ती पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. शेवटी वैभवीलाही आवरेना. जानराव पाय पुसून घरात आला तेव्हा तोही ओशाळून हसत होता.

दुसऱ्या दिवसापासून मनकर्णाबाई आणि हुस्नाबानो दोघी विशेष सभेच्या मागणीवर बायकांच्या सह्या घ्यायला घरोघर निघाल्या. हुस्नाबानोला चालवत नसे, म्हणून मुन्ना सकाळी पहिल्या फेरीला निघताना त्यांना जीपमधून वरच्या आळीत सोडी. परत येताना दोघी बसत-उठत पायी येत. काही घरांत बसायला सांगितलं, काही घरांत दारातच काम विचारलं. एका घरी सासऱ्यानं सांगितलं की आमच्या घरच्या बायकांना यातलं समजत नाही. हुस्नाबानो त्याच्या ओट्यावर बसूनच राहिली. थोड्या वेळानं आतून सून पाणी घेऊन आली आणि पाण्यासोबत सही करून गेली.

त्यांना खरी धाकधूक होती ती रंजीताची. रंजीता पंजाबरावांच्या धाकट्या भावाची विधवा. तिचं एक एकर वावर पंजाबरावांच्या गव्हाला लागून, अगदी वर होतं. मतदानाला तिच्या नावाचा हात पंजाबरावांनीच वर केला होता. तिच्याकडं जाऊन काय मिळणार, असं बदरुद्दीनचंही मत होतं. तरी दोघी गेल्या. रंजीता वावरातच होती. तिनं दोघींना बांधावरून आत नेलं आणि हरभरा दाखवला. हिरव्यात मधूनमधून पिवळे, कोमेजलेले पट्टे पडले होते. तिनं एक झाड उपटलं. मूळ काळं पडलं होतं आणि त्याला कुजका वास होता.

"भाऊजीच्या गव्हाचं पाणी उतरून माह्या हरबऱ्यात साचते," रंजीता म्हणाली. "दहा दिवस मोटर चालू. मी म्हणलं, मले इतकं पाणी नोको. थे म्हणे, ठराव झाला हाय, तू बी त्यात हात वर केला हाय."

मनकर्णाबाई खाली बसली आणि ते झाड हातात घेऊन पाहू लागली. तिचा हरभरा पाण्यावाचून पिवळा पडत होता आणि हा पाण्यानं. तिनं रंजीताला सहीबद्दल काही विचारलंच नाही. हुस्नाबानोनं कागद पुढं केला, रंजीतानं पदराला हात पुसले आणि सही केली.

सभा संक्रांतीनंतरच्या सोमवारी ठरली. दुसरी पाळी आठ दिवसांवर आली होती, घाटे धरायचे दिवस होते. सकाळी दहाला शाळेच्या ओट्यावर सगळे जमले. सतरा बायका भिंतीच्या कडेला बसायला गेल्या तेव्हा हुस्नाबानोनं गुडघे दुखतात असं सांगून पुढची जागा घेतली. मग बाकीच्याही तिच्यामागं येऊन पुढं बसल्या. पुरुष थोडे मागं सरकले.

पंजाबराव वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं की मागच्या वेळी चूक झाली असेल तर ती दुरुस्त करू. पुन्हा हात मोजू. जिकडं जास्त, तसा ठराव. वैभवीनं घरी बसून नावं जुळवली होती. बायकांची मतं धरून शेपटाकडं एकोणतीस होत होते. ती सासूकडं पाहत होती. आता मोजा म्हटलं की झालं असतं.

मनकर्णाबाई उठली. एवढ्या माणसांसमोर ती कधी बोलली नव्हती. फाटकी बोटं तिनं पदरात गुंडाळली होती.

"पाणी मोजून नोका ठरवू," ती म्हणाली. "आज मोजलं तं आमी जितू. एकोणतीस हावो आमी. पण पाट तुमच्या दारातून येते. एकवीस माणसं नाराज ठेवून पाणी खाली येत नाई, मधातच फुटते. मागच्या डावात आमी एकोणीस होतो, आमचं काय झालं थे पाह्यलं. म्हणून पाण्याले सगळ्यायचं हो पायजे. पण सगळे मंजे पन्नास. पारावरचे तेहतीस नाई."

जानराव ओट्याच्या खांबाला टेकून बसला होता, त्याच्याकडं तिनं पाहिलं नाही.

"आन् पाटकरी मातर चिठ्ठीनं निवडा. झाकून. पाणी देणाऱ्या माणसाच्या तोंडावर कोणी नाई म्हणत नाई. बावीस साल कोणी म्हणलं नाई."

त्यानंतर बोलणं सुरू झालं ते दुपार टळेपर्यंत चाललं. लोक आधी सावरून बोलत होते, मग भडाभडा बोलू लागले. शेपटाची वावरं वाळल्याचं बदरुद्दीननं सांगितलं. वरच्यांच्या गव्हाला पाणी उशिरा आलं तर ओंबी भरत नाही, हे पंजाबरावांचं म्हणणंही खरं होतं. रंजीतानं काळ्या मुळाचं झाड आणलं होतं, ते हातोहात फिरलं. ते पंजाबरावांच्या हातात आलं तेव्हा त्यांनी मूळ नखानं खरवडून पाहिलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. हे मला आधी का नाही सांगितलं, असं त्यांनी भावजयीला विचारलं. सांगितलं होतं, असं ती म्हणाली. मध्ये दोनदा चहा झाला. काहीजण गुरांना पाणी पाजून परत आले. लखीरामनं उभं राहून कबूल केलं की मोटरी बंद करायला सांगायची त्याची हिंमत झाली नाही.

तीनच्या सुमाराला बोलणं जुळत आलं. पाळी शेपटापासून. एकराला ठरलेले तास. ज्याचं भिजलं त्याची मोटर लगेच बाहेर. वरच्या गव्हाला पंधरवड्याच्या आत पाणी मिळालंच पाहिजे, ती जबाबदारी पाटकऱ्याची. आणि पाटकऱ्याचं वावर जिथं आहे त्याच क्रमानं भिजायचं, आधी नाही आणि शेवटी नाही. पाटकरी गुप्त चिठ्ठीनं, जानराव किंवा लखीराम. सचिवानं एकेकाचं नाव घेतलं आणि एकेकाला विचारलं. हो, हो, हो असं होत गेलं. पंजाबरावांनी नाव आल्यावर क्षणभर डोळे मिटले आणि हो म्हटलं. खुणा करत करत सचिव यादीच्या शेवटी आला. सगळ्यांचं हो झालं होतं, एक सोडून.

जानरावच्या नावावरही बापाकडून आलेला एक वेगळा तुकडा होता, तोही खातेदार होता. तो अजून खांबाला टेकूनच बसला होता.

"पाळी कबूल हाय मले," तो म्हणाला. "चिठ्ठी नाई. मी बावीस साल कोणाले मत मागतलं नाई. आता कायले मागू?"

रीत त्याचीच होती, सगळे हो म्हणेपर्यंत उठायचं नाही. पन्नास माणसं बसून राहिली. ऊन ओट्यावरून सरकून पायरीवर गेलं. लखीराम त्याच्याजवळ जाऊन बसला आणि हळू सांगितलं की काका, मी पडलो तरी मला वाईट वाटणार नाही. त्या बोलण्यानं जानरावच्या मनातली अडचण सुटली नाही, कारण जानरावला स्वतःच्याच पडण्याची भीती होती, आणि ते त्याला तिथं बसून पहिल्यांदा कळलं. त्यानं मनकर्णाबाईकडं पाहिलं. ती जमिनीवरचा एक खडा बोटानं फिरवत होती. ती काही सांगणार नव्हती.

हुस्नाबानोनं काठी टेकली. "जानराव," ती म्हणाली, "माह्या असरची वेळ चालली. हो म्हण नाई तं नाई म्हण, पण म्हण. मले नमाज पढू दे."

मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. जानरावही हसला. तसाच हसत त्यानं हो म्हटलं.

हुस्नाबानो नमाज पढून येईपर्यंत चिठ्ठ्या फाडून झाल्या. बदरुद्दीननं गाडीतून ग्रीसचा रिकामा डबा पुसून आणला. एकेकजण शाळेच्या खोलीत आत जाई, फळ्यामागं उभं राहून नाव लिही आणि डब्यात टाके. लिहिता न येणाऱ्यांसाठी खूण ठरली, जानरावला फुली आणि लखीरामला गोळा. वैभवीनं सगळ्यांसमोर चिठ्ठ्या उघडल्या. जानरावला अडतीस आणि लखीरामला बारा.

लोकांनी जानरावच्या पाठीवर हात ठेवले. पंजाबरावांनी चावी स्वतः आणून दिली आणि यावेळी सही मागितली नाही. जानरावानं ती घेतली, पण तो त्या बारा चिठ्ठ्यांकडं पाहत होता. बावीस वर्षं त्याला वाटलं होतं की सगळ्यांना तोच हवा आहे. मग त्यानं लखीरामला हाक मारली. वरचा अर्धा पाट तू पाहा आणि खालचा मी पाहतो, असं त्यानं सांगितलं. मोटर बंद करायची झाली की मला हाक मार, दोघं मिळून जाऊ. लखीराम हो म्हणाला आणि सायकल ढकलत त्याच्यासोबत गावापर्यंत चालत आला.

दुसरी पाळी ठरल्या दिवशी सुटली. सकाळी दार उघडलं आणि पाणी पाटातून खाली निघालं. पुढं वाळली पानं, काड्या आणि फेस होता आणि मागं स्वच्छ पाणी. जानराव काठानं त्याच्यासोबत चालत होता. वाटेतल्या प्रत्येक वावरापाशी त्याला कुणी ना कुणी भेटे. तो राम राम घाली आणि मनात म्हणे, हा बारातला असेल का. कुणाचा चेहरा ओळखू येत नव्हता. शेवटी त्याला वाटू लागलं की जो भेटेल तो बारातलाच आहे असं समजावं आणि त्या हिशेबानंच वागावं. मग चालणं जरा सोपं झालं. एका वावराच्या बांधाला पडलेली फूट त्यानं स्वतः वाकून नीट बांधून दिली, जे तो आधी मालकावर सोडून देई.

पहिल्या दिवशी हुस्नाबानोचं वावर भिजलं. ती धुऱ्यावर बसून होती. पाणी शेवटच्या साऱ्याच्या वाफ्यात शिरलं तेव्हा तिनं चप्पल काढली आणि पाय ओल्या मातीत ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णाबाईची पाळी आली. बावीस वर्षांत पहिल्यांदा तिचं वावर आपल्या वेळेला भिजत होतं. हरभऱ्याला फुलं लागली होती, खालच्या फांद्यांना बारीक घाटे धरत होते. उशीर झाला होता, पण फार नाही. तिनं नऊवारीचा काष्टा वर खोचला आणि साऱ्यासाऱ्यांतून फिरू लागली. भेगांमध्ये पाणी शिरताना बुडबुडे येत होते आणि माती आवाज करत मिटत होती. जानराव पाटाच्या तोंडाशी फावडं घेऊन उभा होता.

बराच वेळ त्यानं धीर धरला. मग विचारलंच.

"तुह्यी चिठ्ठी कोणाले होती?"

मनकर्णाबाईनं मान वर केली नाही. एका साऱ्यातला काडीकचरा ती हातानं बाजूला सारत होती. "झाकून टाकाची होती ना," ती म्हणाली. "मंग झाकूनच राहू द्या."

"मले सांगशील तं काय होते?"

"तुमाले दिली म्हणीन तं तुमी म्हणसान खोटं बोलते. नाई दिली म्हणीन तं जेवसान नाई." ती सरळ उभी राहिली, कमरेवर हात ठेवून तिनं वावराकडं पाहिलं. "गेल्या डावाचं काय घेऊन बसता. पुढच्या साली पुन्हा चिठ्ठी हाय. तवा कोणाले द्याची थे मी यंदा पाणी पाहून ठरवीन. त्या आखरीच्या कोपऱ्यात पाणी पोचलं नाई अजून."

जानराव तिच्याकडं पाहत राहिला. तिच्या तोंडावर हसू होतं की नव्हतं, उन्हामुळं त्याला नीट दिसलं नाही. त्यानं पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, फावडं उचललं आणि चिखल तुडवत कोपऱ्याकडं निघाला.